अडनिड्या वयाच्या इमारती

एखादी नामांकित काँक्रीटची इमारत पाडण्याची बातमी आली की आपल्याकडचा वाद ठरलेल्या दोन सुरांत लागतो. एका बाजूने म्हटले जाते, ‘अहो, ही लुई कानची आहे’, ‘ही चार्ल्स कोरियांची आहे’, जणू ती इमारत नसून कोपऱ्यात सही केलेले चित्रच आहे. दुसऱ्या बाजूचे उत्तरही तितकेच तयार असते: गळते आहे, काळवंडली आहे, दिसायला कधीच धड नव्हती, शिवाय हे सगळे परदेशातून उचललेले; तेव्हा पाडा आणि नवी बांधा. २०१७ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स गेला तेव्हा, २०२० च्या डिसेंबरात अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने लुई कान या अमेरिकी वास्तुकाराने रचलेली आपली वसतिगृहे पाडण्याचा मानस जाहीर केला तेव्हा, आणि २०२३ च्या जुलैत वास्तुकार चार्ल्स कोरियांनी रचलेल्या पणजीच्या कला अकादमीतल्या खुल्या रंगमंचाचे छत दुरुस्ती चालू असतानाच कोसळले तेव्हा, वाक्ये थोड्याफार फरकाने हीच होती. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. इमारत थोराची आहे एवढ्याने ती वाचवण्याजोगी ठरत नाही आणि ती गळते एवढ्याने ती पाडण्याजोगी ठरत नाही. ती कोणते काम करते, ते काम तिच्याकडून अजून घेता येईल का, आणि तिची आजची अवस्था वयाने झाली की हयगयीने, हे विचारायला हवे. आणि त्याचे उत्तर देण्याचे ओझे पाडणाऱ्याच्या डोक्यावर असायला हवे. आज ते सर्रास वाचवणाऱ्याच्या डोक्यावर असते.

हॉल ऑफ नेशन्सपासून सुरुवात करतो, कारण तिथले नुकसान आता भरून येणारे नाही. १९७२ च्या नोव्हेंबरात, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, ‘आशिया ७२’ हे आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन दिल्लीत भरायचे होते आणि त्यासाठी मध्ये एकही खांब नसलेले अवाढव्य दालन हवे होते. वास्तुकार होते राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज. असे दालन झाकायला त्रिकोणांच्या जाळीचा सांगाडा उत्तम, हे जगभर माहीत होते. पण तो सांगाडा जगभर पोलादी नळ्यांचा करत, आणि आपल्याकडे पोलाद महाग व दुर्मीळ, हात मात्र मुबलक. म्हणून या दोघांनी तीच जाळी काँक्रीटमध्ये, जागेवर ओतून करायचे ठरवले. ज्याने कधी स्लॅब टाकताना जवळून पाहिला आहे त्याला यातली अडचण लगेच कळेल. सपाट स्लॅबला खालून सेंटरिंग लावले, सळया बांधल्या, माल ओतला की मुख्य काम झाले. इथे तिरक्या दांड्या निरनिराळ्या दिशांनी येऊन एका गाठीत मिळत होत्या. त्या गाठीत प्रत्येक दांडीच्या सळया एकमेकींना चुकवत बसवायच्या, भोवती लाकडाची पेटी अशी जुळवायची की सिमेंटचे पाणी झिरपता कामा नये, आणि मग त्या दाटीतून खडीचा माल पोकळी न ठेवता शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायचा. हे एकदा नव्हे, शेकडो वेळा, आणि प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असताना. टंचाईची अडचण हीच रचनेची कल्पना झाली, आणि ती जमिनीवर उतरवली ती हातांनी. पाडापाडीच्या बातम्यांत रेवालांचे नाव सगळीकडे आले, महेंद्र राज यांचे काही ठिकाणी आले. त्या पेट्या जुळवणाऱ्या सुतारांचा उल्लेख मला कुठेच दिसला नाही.

न्यायालयात याचिका झाल्या, त्या टिकल्या नाहीत, आणि २३ एप्रिल २०१७ च्या रात्री यंत्रे आत शिरली. त्याआधी दिल्लीच्या वारसा समितीने एक भूमिका घेतली होती: वारसा म्हणून विचार व्हायचा तर इमारतीला किमान साठ वर्षे झालेली असावीत. हॉल तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. वरवर पाहता हा नियम निरुपद्रवी वाटतो. पण साठ वर्षांची होईपर्यंत इमारतीने जगायचे कसे, याचे उत्तर त्यात नाही. इंग्लंडात साधारण तीस वर्षांची अट आहे आणि धोक्यात असलेल्या असामान्य इमारतीसाठी तीही शिथिल करता येते. पॅरिसजवळ प्वासी येथे ल कॉर्ब्युझिए या स्विस-फ्रेंच वास्तुकाराने बांधलेले सावॉय यांचे घर १९३१ मध्ये पुरे झाले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस शाळेसाठी ते पाडायचे ठरत आले होते, आणि १९६५ मध्ये, पस्तीस वर्षेही झाली नसताना, फ्रान्सने ते राष्ट्रीय स्मारक ठरवले. साठ वर्षांच्या नियमाने ते घर कधीच मातीत गेले असते.

मराठीत ज्याला अडनिडे वय म्हणतात ते इमारतींनाही असते. चाळीस ते साठ-सत्तर वर्षांची इमारत ना नवी दिसते, ना जुनी म्हणून तिला मान मिळतो. ती आपल्या आईवडिलांच्या काळातली असते, आणि आईवडिलांच्या काळातली अभिरुची प्रत्येक पिढीला किंचित लाजिरवाणी वाटते. आजोबांच्या काळातली वाटत नाही. मुंबईत ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उभी असलेली गॉथिक रांग आज आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, २०१८ पासून मैदानापलीकडच्या आर्ट डेको इमारतींसह तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान आहे. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच शैलीला जाणती माणसे नटवी, ओबडधोबड आणि अभिरुचीहीन म्हणत. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे लंडनमध्ये बसून ज्याने केले त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे खुद्द लंडनमधले सेंट पँक्रस स्थानकाचे हॉटेल १९६० च्या दशकात पाडण्याच्या बेतात होते. १९६७ मध्ये त्याला संरक्षण मिळाले म्हणून ते राहिले. तेव्हाचे लोक आपल्यापेक्षा अरसिक होते का? मला तसे वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने ती इमारत अडनिड्या वयात होती, इतकेच. ‘कुरूप आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच मला फारसा विचारात घेण्याजोगा वाटत नाही. ते मत खोटे असते असे नाही, पण ते फार लवकर शिळे होते, आणि पाडलेली इमारत मात्र मत बदलल्यावर परत येत नाही.

आता नावाच्या युक्तिवादाकडे येतो. मी वाचवणाऱ्यांच्या बाजूचा असूनही मला हा युक्तिवाद अधिक घातक वाटतो. अहमदाबादच्या संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा जगभरातून पत्रे आली, कानच्या मुलांनी लिहिले, आणि नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी २०२१ ला, प्रस्ताव मागे घेतला गेला. विजय झाला असे सगळ्यांना वाटले. २०२२ च्या नोव्हेंबरात संस्थेने काही वसतिगृहांची आणि इतर भागांची पुनर्बांधणी करण्याचे पुन्हा जाहीर केले. नावाची जादू दोन वर्षेही पुरली नाही, कारण पहिल्या वेळी ‘जगाला काय वाटेल’ याचे उत्तर दिले गेले होते. ‘खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचे काय’ याचे दिलेच गेले नव्हते. शिवाय एकाच नावावर भार टाकला की बाकीची नावे पुसली जातात. कानला अहमदाबादेत आणण्यात पुढाकार होता पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचा. मुंबईत शिकलेले अनंत राजे फिलाडेल्फियात कानच्या कार्यालयात काम करून आले आणि १९७४ मध्ये कान गेल्यावर त्या परिसराचे पुढचे काम त्यांनी हाती घेतले. विटेला ‘तुला काय व्हायचे आहे’ असे विचारणारा वास्तुकार म्हणून कान जगभर सांगितला जातो. ती वीट भट्टीतून कशी भाजून आली आहे हे मात्र तितक्या आस्थेने कोणी विचारलेले दिसत नाही, कारण संस्थेने पुढे दिलेल्या कारणांत विटांचा हलका दर्जा हे एक ठळक कारण होते. (कानचा मृत्यू अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्थानकात झाला. ते स्थानक म्हणजे १९१० सालच्या भव्य वास्तूचा वरचा भाग १९६३ पासून पाडून खाली उरवलेले तळघर. त्या पाडण्याचा शहराला इतका पश्चात्ताप झाला की १९६५ मध्ये न्यूयॉर्कने वारसा संरक्षणाचा कायदा केला.)

नाव चिकटले की वस्तूचे काय होते ते चंडीगढच्या खुर्च्यांनी दाखवले आहे. चंडीगढचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ, वास्तुकार प्येर जानरे तिथे आला आणि १९६५ पर्यंत राहिला; सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, ग्रंथालये यांसाठी त्याच्या देखरेखीखाली सागवानी खुर्च्या आणि टेबले झाली. कंपाससारखे फाकलेले पाय, वेताची बैठक, सुताराला सहज जमेल असा सांधा. वेत फाटला, पाय डुगडुगले, तेव्हा कचेऱ्यांनी त्या गच्चीवर ढीग करून टाकल्या आणि भंगाराच्या भावात लिलावात काढल्या. नंतर त्या युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत पोचल्या, आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने रंगवलेला कचेरीचा नोंदणी क्रमांक, जो एखाद्या कारकुनाने चोरी होऊ नये म्हणून घातला असेल, तो अस्सलपणाचा दाखला म्हणून किमतीत भर घालू लागला. खुर्ची तीच. भंगार होती तेव्हाही बसता येत होते आणि दुर्मीळ झाल्यावर मात्र तिच्यावर कोणी बसत नाही. जतनाचा आधार केवळ नाव असेल तर वस्तू एक तर कचरा ठरते नाही तर ऐवज, आणि दोन्हीकडे ती वापरातून जाते.

मग गळतीचे काय? विरोधकांचा हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वसतिगृहाच्या छताचा तुकडा ज्याच्या पलंगावर पडतो त्याला वास्तुकलेचा इतिहास ऐकवणे हा उद्धटपणा आहे. आणि आधुनिक वास्तुकारांनी यात स्वतःचे पाप घातले आहे हेही खरे. सपाट गच्ची, उघडे काँक्रीट, पागोळीविना भिंत हे सगळे युरोपातल्या उन्हात देखणे दिसले आणि कोकणपट्टीच्या पावसातही तसेच आणले गेले. सावॉय यांचे ते घर तर पहिल्यापासून गळत होते आणि घरमालकिणीने ल कॉर्ब्युझिएला त्याबद्दल पत्रांमागून पत्रे लिहिली होती. काँक्रीट बिघडते कसे हेही नीट समजून घ्यावे. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते आणि तिच्या आवरणात लोखंडी सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरतो आणि ती अल्कली मारत जातो. समुद्रकाठी खारी हवा भर घालते. हे मुरणे सळईपर्यंत पोचले आणि जोडीला ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरचा थर आतून ढकलतो: आधी केसाएवढी भेग, मग तपकिरी ओघळ, मग एके दिवशी खपली निघते आणि सळई उघडी पडते. त्या काळी सळईवरचा थर पातळ ठेवत, म्हणून हा प्रवास लवकर संपतो.

पण याच वर्णनात उत्तरही आहे. भेग आणि खपली यांच्यामध्ये बरीच वर्षे जातात. त्या वर्षांत कोणी काय केले? आमची सोसायटी मुंबईच्या उपनगरातली, १९८० च्या आसपास बांधलेली. सलग तीन पावसाळे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर परात ठेवावी लागत होती आणि दर सभेत ‘इमारत म्हातारी झाली’ हे वाक्य ठरावासारखे उच्चारले जात होते. पुनर्विकासाची गुळगुळीत चित्रे फिरू लागली होती. चौथ्या वर्षी एक प्लंबर गच्चीवर गेला, पाणी तुंबलेल्या कोपऱ्यात उकिडवा बसला आणि निचऱ्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून त्याने कबुतराची पिसे, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे आणि कुठल्यातरी संक्रांतीच्या मांज्याचा गुंता बाहेर काढला. गळती पुरती थांबली असे नाही. उरलेल्या भागासाठी कोबा उखडून नवा घालावा लागला आणि त्याला पैसे पडले. पण परात गेली. कोकणातले कौलारू घर दर वर्षी मृगाच्या आधी शाकारतात. फुटकी कौले बदलतात, वासे पाहतात, पागोळ्यांची दिशा बघतात. त्याला कोणी घराचा दोष म्हणत नाही, तो घर असण्याचाच भाग समजला जातो. काँक्रीटला मात्र आपण देखभालमुक्त समजलो. ते तसे आहे असे आपल्याला सांगितले गेले, आणि आपण ते आनंदाने ऐकले, कारण त्यात दर वर्षीची कटकट वाचत होती. मग चाळीस वर्षांची ती साचलेली कटकट एकदम समोर आली की आपण तिला वार्धक्य म्हणतो.

याहून अवघड आक्षेप अहमदाबादच्या संस्थेनेच घेतला: आम्ही जतन करून पाहिले, दोष परत दिसू लागले. तिथले विक्रम साराभाई ग्रंथालय मुंबईच्या सोमय्या अँड कलप्पा या वास्तुकार कंपनीने दुरुस्त केले होते आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला होता. तरीही संस्थेच्या मते अडचणी संपल्या नाहीत. हा दावा मी झटकून टाकत नाही. दुबळी वीट आणि तिच्यात गंजलेली सळई हे दुखणे खरेच असाध्य असू शकते, आणि २००१ च्या भूकंपाने त्या परिसराला दणका दिला होता हेही खरे. माणसे राहतात तिथे शंकेचा फायदा माणसांनाच मिळायला हवा. माझी हरकत वेगळी आहे. असाध्य हा निष्कर्ष असेल तर तो तपासता यावा: कोणत्या भिंतीत किती बिघाड, कोणती चाचणी, कोणता उपाय किती खर्चात, पाडून बांधायला किती. मधल्या उन्हाळ्यांत काय दुरुस्त केले गेले, काय पुढे ढकलले गेले. अशी कागदपत्रे समोर ठेवून ‘हे तीन विभाग उतरवून त्याच रचनेत पुन्हा बांधतो’ असे कोणी म्हटले तर मी त्याला विरोध करणार नाही. त्या वसतिगृहांतले मोल विटांच्या वयात नाहीच. खोल्या, जिना आणि मधली सावलीची जागा अशा मांडल्या आहेत की येता-जाता मुले भेटतात आणि तिथेच बोलत उभी राहतात, त्या मांडणीत आहे. ती राहत असेल तर वीट बदलल्याचे दुःख मी करणार नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या प्रुइट-आयगो वसाहतीचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. अकरा मजली तेहतीस इमारती, १९५० च्या दशकातल्या, आणि १९७२ पासून सुरुंगाने उडवलेल्या. आधुनिक वास्तुकलेचा तो मृत्यूचा क्षण, असे एका समीक्षकाने जाहीर केले आणि ते वाक्य चिकटले. पण त्या वसाहतीची देखभाल भाडेकऱ्यांच्या भाड्यातून व्हायची होती, शहराची लोकसंख्या घटत होती, घरे रिकामी पडत होती, भाडे आटत होते, म्हणून लिफ्ट आणि पाण्याचे नळ दुरुस्त होत नव्हते, म्हणून आणखी घरे रिकामी होत होती. या चक्रात शिखर असलेले मंदिरसुद्धा टिकले नसते.

‘हे आपले नाहीच’ हा आक्षेप मला सर्वांत लंगडा वाटतो, तरी त्यात एक खरे दुखणे आहे. चंडीगढ अनेक गावे उठवून वसवले गेले, आणि ते बांधणाऱ्या मजुरांना त्याच्या आराखड्यात जागा नव्हती. ते कडेच्या वस्त्यांत राहिले. कागदावरच्या शुद्ध रेषेच्या मोहापायी माणसे विसरण्याचा हा गुन्हा आधुनिक वास्तुकलेने ठिकठिकाणी केला आहे. पण परकेपणा हा तिचा गुन्हा नव्हे. आपण ज्याला आता आपले म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस फ्रेडरिक स्टीव्हन्सने रचले, ज्या गॉथिक शैलीत रचले ती त्याच्या देशातली. त्याच्या तुलनेत अच्युत कानविंदे घ्या. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचा हा माणूस, चित्रकाराचा मुलगा, मुंबईच्या जेजे स्कूलमध्ये शिकला, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस या जर्मन वास्तुकाराच्या हाताखाली गेला आणि परत येऊन त्याने १९६० च्या दशकात कानपूरचा आयआयटी परिसर उभा केला: वीट आणि काँक्रीट, उन्हातून चालावे लागू नये म्हणून इमारतींना जोडणाऱ्या सावलीच्या वाटा, वारा वाहील असे चौक. ग्रोपियसकडून शिकला म्हणून तो परका, आणि लंडनमध्ये बसून आराखडे पाठवणारा स्कॉट आपला? महाराष्ट्रात कानविंद्यांचे नाव किती शाळकरी मुलांना माहीत असेल याचा विचार केला की मला या आपलेपणाच्या भाषेचे नवल वाटते.

यावर कोणी विचारेल, मग काय सगळेच जपायचे? शहर गोठवायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि मुंबईकराने तर तो विसरूच नये. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याचे तट पाडले नसते तर ज्या गॉथिक रांगेला आपण वारसा म्हणतो ती उभी राहायला जागाच नव्हती. पाडणे हा शहराच्या जगण्याचा भाग आहे. पण बदलणे आणि पुसून टाकणे यांच्यातला फरक आधुनिक वास्तुकारांतल्या शहाण्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होता. नवी मुंबईतल्या बेलापूरला, ते शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी कोरियांनी १९८० च्या दशकात जी वसाहत रचली तिथे सात-सात घरे एका छोट्या अंगणाभोवती बसवली, आणि प्रत्येक घराची भिंत शेजाऱ्यापासून सुटी ठेवली, ती मुद्दाम: कुटुंब वाढले, हातात पैसा आला की घर वाढवता यावे, शेजाऱ्याची परवानगी मागावी लागू नये. लोकांनी तसेच केले, किंबहुना फारच उत्साहाने केले. मूळ उतरत्या छपरांच्या घरांतली कितीतरी जाऊन तिथे टाइल लावलेले मजले चढले. कोरियांचे भक्त ते पाहून हळहळतात. मी नाही हळहळत. सात घरांमधले अंगण बऱ्याच ठिकाणी अजून अंगणच आहे, त्यात सायकली उभ्या असतात, आणि वास्तुकाराने जे ठरवले होते त्यातले टिकण्यासारखे होते ते टिकले. फ्रान्समध्ये बोर्दोला १९६० च्या दशकातल्या तीन कंटाळवाण्या सरकारी इमारतींत, ज्यांत ५३० घरे होती, भाडेकऱ्यांना न हलवता बाहेरच्या बाजूने काचेचे रुंद सज्जे जोडले गेले. ते करणाऱ्या लाकातों आणि वासाल या जोडीला २०२१ मध्ये वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. त्या इमारतींना कोणा थोराचे नाव नव्हते. त्या उभ्या होत्या आणि त्यांत माणसे राहत होती, एवढे भांडवल पुरले.

उभी असणे हे भांडवल आहे हे आपण अजून हिशेबात धरत नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून बाहेर पडतो. इमारत पाडली की तो खर्च बुडीत जातो आणि नव्या इमारतीसाठी तोच पुन्हा करावा लागतो.

आणि खरे बोलायचे तर बहुतेक ठिकाणी पाडण्याचे कारण गळती नसतेच. ते जमिनीचे मोल असते, वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा, असते, उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव कोरण्याची हौस असते. ही कारणे गुन्हेगारी नव्हेत. गरजू कुटुंबांना मोठी घरे मिळत असतील तर वाढीव चटई क्षेत्र हे चांगले कारण आहे, आणि ते उघडपणे मांडले तर त्यावर वाद घालता येतो. त्याला ‘मोडकळीला आलेली’ या शब्दाचा बुरखा घातला की वाद घालता येत नाही, कारण मग विरोध करणारा माणूस कोणाच्या तरी डोक्यावर स्लॅब पाडायला निघालेला दिसतो. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यात इमारत आज किती बिघडली आहे हे लिहिले जाते. ती बिघडू दिली कोणी, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

कला अकादमीच्या बाबतीत तरी ही सोय हवी होती. मांडवीच्या काठी कांपालला १९८३ मध्ये पुरी झालेली ती इमारत मला कोरियांच्या कामांत सर्वांत मनमिळाऊ वाटते: रस्त्यावरून आत शिरावे तर दार असे लागतच नाही, जाळीदार छताखालून चालत चालत माणूस नदीपर्यंत पोचतो, मध्ये पायऱ्यांवर मुले तबल्याचे बोल घोकत बसलेली असतात. आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी सज्जांत बसलेले गोंयकार प्रेक्षक रंगवले आहेत, म्हणजे प्रयोग पडला तरी सभागृह अगदीच रिकामे दिसत नाही. ही इमारत पाडायची की राखायची यावर गोव्यात बरेच बोलले गेले, आणि राखायची ठरल्यावर दुरुस्ती चालू असताना छत खाली आले. आधीची कित्येक वर्षे त्या छताखाली पावसाळ्याआधी कोण गेले, त्याने काय पाहिले, काय लिहिले, कोणी ते वाचले? सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या कोणत्याही इमारतीला पाडण्याची परवानगी मागताना मागच्या वीस वर्षांच्या देखभालीची वर्षवार नोंद जोडणे सक्तीचे करावे, एवढीच माझी मागणी आहे. नोंद असेल तर इमारत खरेच थकली का ते दिसेल. नोंद नसेल तर परवानगी मागणाऱ्याने आधी त्याचे कारण द्यावे.

आमच्या सोसायटीत गच्चीच्या दारामागे खिळ्याला एक शंभर पानी वही टांगली आहे. दर वर्षी मे महिन्यात वॉचमन आणि समितीतला एक जण निचऱ्याची चारही तोंडे उघडतात, पाणी ओतून बघतात आणि तारीख घालून सह्या करतात. यंदाच्या ओळीत, सह्यांच्या खाली, वॉचमनने जादा लिहिले आहे: ‘पूर्वेचा कोपरा, कबुतराचे घरटे, अंडी आहेत, आठ दिवसांनी परत बघणे.’